अकरा युनिकोड बिंदू, तीन अक्षरं: मराठी शीर्षकाला वेबवर गती देताना

दिवाळी अंकाच्या वेब आवृत्तीचं मुखपान करायचं होतं. वर मोठ्या आकारात ‘शब्दांचा दीपोत्सव’ हे शीर्षक अक्षराअक्षराने उमटणार, त्याखाली तेवणारी पणती, मग स्क्रोल करताना वर सरकत येणारी लेखांची कार्डं आणि शेवटी उघडझाप होणारी अनुक्रमणिका. इंग्रजी पानांवर हे सगळं नेहमीचं आहे, त्यासाठी तयार लायब्रऱ्याही मिळतात. त्याच लायब्रऱ्या मराठी मजकुराला लावल्या तर पहिल्या पाच मिनिटांत पान मोडतं. त्या मोडण्याची कारणं आणि प्रत्येक दुरुस्ती इथे क्रमाने मांडली आहे. पणती आणि कार्डांचं काम कुठल्याही भाषेत सारखंच आहे, त्यामुळे जास्त जागा शीर्षकाला दिली आहे. खरी अडचण तिथेच होती.

पहिला प्रयत्न नेहमीच्या पद्धतीने केला. शीर्षकाची स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची माळ, स्प्लिट करायची, प्रत्येक तुकडा स्वतंत्र स्पॅनमध्ये (एचटीएमएलच्या छोट्या वेष्टनात) घालायचा, प्रत्येक स्पॅनला थोडा जास्त विलंब द्यायचा. ‘शब्दांचा दीपोत्सव’मध्ये मधली मोकळी जागा धरून १७ युनिकोड बिंदू, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली वर्णं-चिन्हं, आहेत, म्हणून १७ स्पॅन तयार झाले. वाचणाऱ्याला मात्र तिथे सातच अक्षरं दिसतात: श, ब्दां, चा, दी, पो, त्स, व. पडद्यावर ‘ब’, मग सुटा पाय मोडल्याचं चिन्ह, मग ‘द’, मग ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला काना, तसाच लटकलेला अनुस्वार, असं काहीतरी उमटलं.

हे का होतं ते नीट समजून घेतलं तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. जोडाक्षरं फॉन्टमध्ये बनतात. ब, हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह) आणि द हे तीन बिंदू एकाच सलग मजकुरात आले, तरच ब्राउझरचं शेपिंग इंजिन, म्हणजे बिंदूंना आकार देणारा भाग, फॉन्टमधल्या नियमांनुसार त्यांचा ‘ब्द’ करतं. साध्या इनलाइन (ओळीतच वाहणाऱ्या) स्पॅनच्या सीमेपलीकडेही आजचे ब्राउझर बऱ्याचदा शेपिंग करतात, त्यामुळे नुसते स्पॅन घातले तर कधी कधी सगळं ठीक दिसतं आणि फसगत होते. पण इनलाइन घटकाला ट्रान्सफॉर्म (हलवणं, वाकवणं, लहानमोठं करणं) लागू होत नाही. तो हलवायचा तर डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक करावा लागतो, आणि इनलाइन-ब्लॉक झाला की त्याचा मजकूर शेजाऱ्यापासून पूर्ण तुटतो. एकट्या पडलेल्या मात्रेला आधाराला व्यंजन नसतं, म्हणून इंजिन तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढतं.

म्हणजे तोडायचंच असेल तर अक्षरावर तोडायला हवं, बिंदूवर नाही. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) हे मजकूर तोडणारं साधन आहे. त्याला भाषा मराठी आणि एकक ‘ग्राफीम’ (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) सांगितलं की तो मजकुराचे तुकडे करून देतो. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे. फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ मधल्या १२५ व्या आवृत्तीत आला आणि तेव्हापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत उपलब्ध आहे. मात्र त्याच्या उत्तरावर डोळे झाकून विसंबता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांत हलन्तानंतर तुकडा तुटत असे, म्हणजे ‘ब्दां’चे ‘ब्’ आणि ‘दां’ असे दोन भाग मिळत. १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं अखंड ठेवण्याचा नियम आला. वाचकाच्या फोनमधला ब्राउझर जुन्या तक्त्यांवर चालतो की नव्या, हे आपल्या हातात नाही.

म्हणून सेगमेंटरच्या उत्तरावर आणखी एक फेरी मारली. एखाद्या तुकड्याचा शेवट हलन्ताने होत असेल आणि पुढचा तुकडा व्यंजनाने सुरू होत असेल, तर दोन्ही जोडून टाकायचे. नवे नियम असतील तर या फेरीला काही काम उरत नाही, जुने असतील तर ती चूक सुधारते. दोन बारकावे सांभाळायला लागतात. ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टाइप झालेला सापडतो: एक ०९३१ या बिंदूवरचा ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यानंतर २००डी हा शून्य रुंदीचा जोडक. दुसऱ्या प्रकारात तुकड्याचा शेवट हलन्ताने होत नाही, जोडकाने होतो. शेवट तपासताना हलन्तानंतरचा जोडक धरला नाही तर ‘कुऱ्हाड’ नेमकी फुटते. उलट हलन्तानंतर २००सी हा विभाजक असेल तर लेखकाने पाय मोडलेलं रूप मुद्दाम मागितलेलं असतं, तिथे जोडायचं नाही. मोजणीची खात्री करायला ‘स्वातंत्र्य’ हा शब्द फार चांगला आहे. त्यात ११ बिंदू आहेत आणि अक्षरं तीनच: स्वा, तं, त्र्य. आपल्या फंक्शनने तीन सांगितलं तर पुढे जावं.

आता सात स्पॅन झाले, प्रत्येकाला ५०० मिलिसेकंदांचं ॲनिमेशन आणि ६० मिलिसेकंदांच्या फरकाने विलंब. सहा विलंब आणि शेवटच्या अक्षराचा अवधी मिळून एकूण ८६० मिलिसेकंद. फिल-मोड ‘बॅकवर्ड्‌स’ देणं विसरलं तर विलंबाच्या काळात अक्षर आधी पूर्ण दिसतं, मग गायब होऊन पुन्हा येतं. तेवढं लक्षात ठेवावं.

तरीही समाधान झालं नाही, आणि त्याची तीन कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे ओळ तुटणं. दोन इनलाइन-ब्लॉकच्या मध्ये ब्राउझर ओळ तोडू शकतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ‘दीपो’ वर राहिलं आणि ‘त्सव’ खाली गेलं. यावर प्रत्येक शब्दाला आणखी एक वेष्टन, त्याला व्हाइट-स्पेस नोरॅप. हे सोपं आहे.

दुसरं कारण शिरोरेघेत पडणारी फट. प्रत्येक स्पॅनला विल-चेंज (हे हलणार आहे अशी आगाऊ सूचना) दिला की ब्राउझर त्याचा स्वतंत्र लेअर बनवू शकतो. लेअर अपूर्णांक पिक्सेलवर येऊन थांबला की कडा मऊ होतात आणि दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेघेवर केसाएवढी फिकट रेघ दिसते. ॲनिमेशन संपल्यावर सगळे स्पॅन काढून मूळ मजकूर परत ठेवला की ती जाते, पण चालू असताना दिसतेच.

तिसरं कारण मात्र तांत्रिक दुरुस्तीने सुटणारं नव्हतं. अक्षरं एकामागून एक खालून वर येताना शिरोरेघ पायऱ्यांसारखी तुटते. रोमन अक्षरं सुटीच असतात, ती उड्या मारत आली तरी शब्द शब्दच राहतो. मराठी शब्दाला एकत्र धरून ठेवते ती वरची रेघ, आणि आपण नेमकी तिलाच अर्धा सेकंद मोडून दाखवत असतो. अक्षर वर येण्याचं अंतर कमी करून ०.१२ एमवर (एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढं एकक) आणलं तेव्हा जरा सुसह्य झालं, पण मनासारखं नव्हतं. इथे स्पॅन फोडण्याची पद्धतच सोडून दिली.

शब्द अखंड ठेवून अक्षराअक्षराने उघडायचा

दुसरी पद्धत अशी. शब्दाला फक्त शब्दापुरतं इनलाइन-ब्लॉक वेष्टन ठेवायचं. शब्दांच्या मध्ये जागा असते, तिथे शेपिंग तसंही थांबतं, म्हणून शब्दावर तोडणं सुरक्षित आहे. आतला मजकूर एकच टेक्स्ट नोड राहतो. मग जावास्क्रिप्टमधली रेंज, म्हणजे मजकुराचा निवडलेला पट्टा, घ्यायची: सुरुवात शब्दाच्या आरंभी, शेवट पहिल्या अक्षराच्या शेवटी, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. प्रत्येक वेळी रेंजचा चौकोन मोजला की त्या अक्षराची उजवी कड मिळते. अक्षर कुठे संपतं ते वरच्याच फंक्शनने सांगितलेलं असतं. जोडाक्षराच्या मधोमध मोजायला गेलात तर ब्राउझर अंदाजाने रुंदी वाटून देतो आणि आकडा निरर्थक येतो. पूर्ण अक्षराच्या कडेवर मात्र तो बरोबर असतो.

या कडा शब्दाच्या रुंदीच्या टक्क्यांत बदलून घेतल्या. पिक्सेल ठेवले तर फोन आडवा केल्यावर किंवा फॉन्ट बदलल्यावर हिशोब चुकतो. मग शब्दावर क्लिप-पाथ इनसेटचं (चौकटीबाहेरचा भाग कापणाऱ्या गुणधर्माचं) ॲनिमेशन: सुरुवातीला उजवीकडून १०० टक्के कापलेला, मग पहिल्या कडेपर्यंत उघडलेला, मग दुसऱ्या, असं करत पूर्ण. हे टप्पे, म्हणजे कीफ्रेम, एलिमेंटच्या ॲनिमेट पद्धतीला यादी (ॲरे) म्हणून दिले, प्रत्येक टप्प्याला ईज-आउट. हात अक्षर लिहितो, क्षणभर थबकतो, पुढचं लिहितो, तशी लय येते आणि शिरोरेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड राहते.

यात क्लिप-पाथचे वरचे आणि खालचे आकडे उणे ०.३ एम ठेवायचे, शून्य नाही. इनसेटमध्ये उणे आकडा चालतो आणि त्याने कापणारी चौकट पेटीच्या बाहेर जाते. शून्य ठेवलं तर रफारावरचा अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. शेवटच्या कीफ्रेममध्ये उजवी बाजूही उणे ०.१ एम ठेवावी, कारण दीर्घ वेलांटीचा किंवा मात्रेचा काही भाग अक्षराच्या मोजलेल्या रुंदीबाहेर झुकलेला असू शकतो. फिल फक्त ‘बॅकवर्ड्‌स’ ठेवला, म्हणजे काम संपल्यावर क्लिप उरतच नाही आणि साफसफाईची गरज पडत नाही.

क्लिप-पाथने दर फ्रेमला पुन्हा रंगकाम होतं, ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटीइतकं ते स्वस्त नाही. पण लेआउट पुन्हा मोजला जात नाही आणि क्षेत्र एका शीर्षकाएवढंच आहे. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये प्रोसेसर चौपट मंद करून पाहिलं, तरी फ्रेम गळल्या नाहीत. हीच गोष्ट संपूर्ण परिच्छेदावर करायला जाऊ नये.

या पद्धतीचा आणखी एक मोठा फायदा आहे, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा ती घ्यावी. मजकूर फुटलेला नसल्याने स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) शीर्षक सरळ वाचतो. स्पॅनच्या पद्धतीत ‘श’, ‘ब्दां’, ‘चा’ असे तुकडे वाचले जाण्याची शक्यता असते; मग दृश्य प्रत aria-hidden (स्क्रीन रीडरपासून लपवलेली) करून शेजारी अदृश्य प्रत ठेवावी लागते, आणि ती दुसरी प्रत कुणीतरी बदलायला विसरतं.

टाइपरायटरचा परिणाम हवा असणाऱ्यांसाठी एक सूचना. सीएच एककात रुंदी आणि स्टेप्स (टप्प्याटप्प्याने उडी) वापरणारी जी प्रसिद्ध युक्ती आहे, ती समान रुंदीच्या फॉन्टवर उभी आहे. सीएच म्हणजे ‘0’ या इंग्रजी आकड्याची रुंदी. देवनागरीत ‘र’ आणि ‘ज्ञ’ यांच्या रुंदीत केवढा फरक आहे! तिथे ती युक्ती अक्षरं मधोमध कापते. वरची रेंजची पद्धत स्टेप्ससह वापरली की टाइपरायटरही नीट होतो.

फॉन्ट येईपर्यंत मोजू नका

मोजमापं घ्यायची तर खरा फॉन्ट आलेला असायला हवा. शीर्षकाला टिरो देवनागरी मराठी आणि मजकुराला मुंबईच्या एक टाइपचा मुक्त घेतला. फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप असल्याने आधी यंत्रातला फॉन्ट दिसतो: विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी. त्या रुंदीवर मोजलेले टक्के आणि नंतर आलेला टिरो यांचा मेळ बसला नाही, क्लिप ‘त्स’च्या मध्यावर थांबू लागली.

फॉन्टची वाट पाहायला डॉक्युमेंट फॉन्ट्सची लोड पद्धत आहे. तिथे एक गोष्ट फार छळते. या पद्धतीला दुसरा पॅरामीटर नमुना मजकूर असतो. तो दिला नाही तर ती एक मोकळी जागा गृहीत धरते. फॉन्ट युनिकोड-रेंजने (कुठल्या बिंदूंसाठी कुठली फाइल ते सांगणाऱ्या नियमाने) विभागलेला असेल आणि देवनागरीच्या फाइलच्या रेंजमध्ये मोकळी जागा नसेल, तर ती फाइल मागवलीच जात नाही आणि ‘फॉन्ट आला’ असं सांगणारं प्रॉमिस मात्र लगेच पूर्ण होतं. म्हणून दुसरा पॅरामीटर खुद्द शीर्षकाचाच द्यावा. सोबत १५०० मिलिसेकंदांची शर्यत लावावी: तेवढ्यात फॉन्ट आला नाही तर ॲनिमेशन सोडून द्यायचं आणि शीर्षक सरळ दाखवायचं. मंद नेटवर्कवर वाचकाला रिकामं पान बघत ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

युनिकोड-रेंजबद्दल आणखी. देवनागरीचा मुख्य पट्टा ०९०० ते ०९७एफ असा आहे. तेवढाच लिहिला तर २००सी, २००डी, २०बी९ वरचं रुपयाचं चिन्ह आणि २५सीसी वरचं ठिपक्यांचं वर्तुळ बाहेर राहतं. शिवाय मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हं देवनागरी पट्ट्याबाहेरची असतात, तीही दुसऱ्या फॉन्टमधून येऊ लागतात आणि ओळीत अवतरणचिन्हं वेगळ्याच जाडीची दिसतात. मोकळ्या जागेचा बिंदू, म्हणजे ००२०, तर नक्की घालावा. ओळीची मूळ उंची ठरवताना ब्राउझर ज्या ‘पहिल्या उपलब्ध फॉन्ट’चे मेट्रिक्स (उंचीची मापं) धरतो, तो म्हणजे ज्याच्या रेंजमध्ये ००२० आहे तो. रोमन फाइल तिथे बसली तर मराठी ओळींची उंची रोमन फॉन्ट ठरवतो.

फॉन्ट छाटताना, म्हणजे सबसेट करताना, काही साधनं दिलेल्या बिंदूंचेच आकार ठेवतात. ‘क्ष’, ‘ष्ट्र’, अर्धा ‘त’, रफार यांच्या तयार आकारांना स्वतःचा बिंदू नसतो, ते फॉन्टमधल्या जीसब (GSUB) या आकार बदलण्याच्या तक्त्यातून येतात. तक्ता गेला की जोडाक्षरं गेली. फॉन्टटूल्समधलं पायएफटीसबसेट त्या तक्त्यातून पोहोचता येणारे आकार ठेवतं. लेआउट-फीचर्सला तारांकन दिलं की काहीच सुटत नाही. फाइल थोडी जड होते, होऊ द्यावी.

टिरोला जाड वजन नाही, तिरपा आणि सरळ एवढेच दोन प्रकार आहेत. एच-वन मुळातच बोल्ड असतो, म्हणून ब्राउझर स्वतःच खोटा जाडपणा देतो. देवनागरीत त्याने ‘ध’, ‘भ’, ‘श’ यांच्या गाठी बुजतात. फॉन्ट-वेट ४०० आणि फॉन्ट-सिंथेसिस नन लिहिलं. मुळात एचटीएमएल टॅगवर लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी, लिहिलेलं हवंच. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श स्थानिक रूपं म्हणून ठेवलेले असतात, तिथे ते या एका खुणेवर मिळतात. नाहीतर पानभर हिंदी वळणाचे ल-श दिसत राहतात आणि नेमकं काय खटकतंय ते वाचकाला सांगता येत नाही.

वर-खाली जागा लागते

डिझाइनच्या फाइलमध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग ०.०४ एम आणि लाइन-हाइट १.१ होती. दोन्ही रोमन शीर्षकाच्या सवयी. धन लेटर-स्पेसिंगने शिरोरेघ प्रत्येक अक्षराशी तुटते, ब्राउझर ती रेघ ताणून जोडत नाही. लँग एमआर असलेल्या सगळ्या घटकांना ती शून्य केली. लाइन-हाइट शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ ठेवली. ‘कीर्ती’मध्ये रेघेवर वेलांटी आणि रफार, ‘दृष्टी’मध्ये खाली ऋकार, ते दोन शब्द लागोपाठच्या ओळींत आले की १.१ मध्ये एकमेकांत घुसतात.

हीच कात्री आणखी तीन ठिकाणी लागते. ओव्हरफ्लो हिडनच्या पडद्यामागून ओळ वर आणायची असेल तर पडद्याला वर-खाली ०.२५ एम पॅडिंग आणि तेवढंच उणे मार्जिन द्यावं, म्हणजे जागा बदलत नाही पण कापलं जात नाही. ग्रेडियंटचा रंग अक्षरांत भरताना, म्हणजे बॅकग्राउंड-क्लिप टेक्स्टमध्ये, पार्श्वभूमी पेटीपुरतीच रंगते. लाइन-हाइट घट्ट असेल तर बाहेर गेलेल्या मात्रा आणि अनुस्वार कापल्याही जात नाहीत, पारदर्शक होऊन नाहीसे होतात. ‘शब्दांचा’ चं ‘शब्दाचा’ झालेलं प्रूफ वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटू शकतं. उपाय तोच, पॅडिंग. तिसरं, टेक्स्ट-स्ट्रोकची बाह्यरेघ. फॉन्टमध्ये शिरोरेघेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. अक्षर आतून भरलेलं असेल तर पेंट-ऑर्डरमध्ये स्ट्रोक आधी आणि फिल नंतर ठेवून ती झाकता येते. पोकळ अक्षरं हवी असतील तर मजकुराने ते जमत नाही, एसव्हीजीमध्ये (रेघांनी बनलेल्या चित्रात) आकार एकत्र करूनच करावं लागतं.

पणती, कार्डं, अनुक्रमणिका

पणतीची ज्योत एसव्हीजीतला एक पाथ आहे. तिला खालच्या टोकाशी रोवून हलवायची म्हणून ट्रान्सफॉर्म-ओरिजिन ५० टक्के १०० टक्के दिला, आणि ज्योत पणती सोडून भलतीकडेच डोलू लागली. एसव्हीजीच्या आतल्या घटकांसाठी हे टक्के मुळात व्ह्यूबॉक्सचे, म्हणजे पूर्ण चित्राच्या चौकटीचे, धरले जातात. ट्रान्सफॉर्म-बॉक्स फिल-बॉक्स लिहिल्यावर ते त्या आकाराचे होतात.

ज्योतीचं ॲनिमेशन दोन थरांत आहे. बाहेरच्या गटाला स्क्यू (तिरपं करणं), उणे २ अंशांपासून १.५ अंशांपर्यंत, १.७ सेकंदांत. आतल्या पाथला स्केल, रुंदी ०.९६ होते तेव्हा उंची १.०५ आणि उलट, २.३ सेकंदांत. दोन्ही चक्रं एकाच जागी यायला ३९.१ सेकंद लागतात, त्यामुळे पुनरावृत्ती जाणवत नाही. २ आणि ४ सेकंद घेतले असते तर दर चार सेकंदांनी तोच झोका दिसला असता. भोवतीचा उजेड बॉक्स-शॅडोने करून ती शॅडोच हलवली तर दर फ्रेमला रंगकाम होतं. त्याऐवजी रेडिअल ग्रेडियंटचा वेगळा गोल मागे ठेवून फक्त त्याची ओपॅसिटी ०.७ ते ०.९ मध्ये फिरवली. जोरात लुकलुकणं टाळावं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या गोष्टींना मनाई आहे, आणि आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त हलणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय हवी. म्हणून पणतीखाली एक छोटं ‘ज्योत स्थिर करा’ बटण आहे.

कार्डांसाठी ॲनिमेशन-टाइमलाइन व्ह्यू (ॲनिमेशन स्क्रोलला बांधणारी सोय) वापरली, सपोर्ट्‌सच्या अटीत, म्हणजे ब्राउझरमध्ये ती सोय असेल तरच. ॲनिमेशन ही अनेक गुणधर्म एकत्र लिहायची आखूड प्रॉपर्टी टाइमलाइनला परत मूळ किमतीवर आणते, म्हणून टाइमलाइन तिच्या खाली लिहायची. वर लिहिली तर कार्डं स्क्रोलशी न जुळता एकदम दिसून मोकळी होतात. सुरुवातीची ओपॅसिटी शून्य ही त्या अटीच्या आतच हवी. बाहेर राहिली तर जिथे ही सोय नाही त्या ब्राउझरमध्ये लेख कायमचे अदृश्य. सगळ्या कार्डांना विल-चेंज देण्याचा मोह आवरावा. ३६० बाय २४० पिक्सेलचं कार्ड तिप्पट घनतेच्या फोनवर १०८० बाय ७२० होतं, पिक्सेलला ४ बाइट धरले तर एका लेअरला सुमारे ३.१ एमबी. बारा कार्डांचे ३७ एमबी, आणि तेही स्वस्त फोनवर, जिथे ते सर्वांत महाग पडतात.

अनुक्रमणिकेचे विभाग ग्रिडच्या ओळी ०एफआरवरून १एफआरवर (एफआर म्हणजे उपलब्ध जागेचा वाटा) नेऊन उघडतात. आतल्या घटकाला ओव्हरफ्लो हिडन हवा, नाहीतर ओळ आक्रसतच नाही; आणि पॅडिंग त्याच घटकाला दिलं तर बंद असतानाही तेवढी पट्टी उरते, ते आणखी आतल्या घटकाला द्यावं. मिटलेल्या विभागातल्या लिंकवर टॅबने जाता येऊ नये म्हणून व्हिजिबिलिटीही सोबत बदलली.

हालचाल कमी हवी असं ज्यांनी आपल्या फोनमध्ये सांगून ठेवलं आहे, त्यांच्यासाठी शीर्षकाचं क्लिप-ॲनिमेशन आणि कार्डांचं सरकणं पूर्ण बंद, ज्योत स्थिर, अनुक्रमणिका लगेच उघडणारी. स्टाइलशीटमधली मीडिया क्वेरी जावास्क्रिप्टने सुरू केलेल्या ॲनिमेशनला थांबवत नाही, जावास्क्रिप्टमध्येच मॅचमीडियाने ती निवड तपासून मग ॲनिमेट बोलवावं लागतं. डेव्हटूल्सच्या रेंडरिंग विभागात ही निवड नकली लावून बघता येते, आणि ॲनिमेशन विभागात वेग १० टक्क्यांवर आणला की क्लिप कुठल्या अक्षरावर चुकतेय ते स्पष्ट दिसतं.

प्रत्येक बदलानंतर एकच तपासणीचं पान उघडतो. त्यावर शीर्षकाच्या जागी आळीपाळीने हे शब्द येतात: कुऱ्हाड, दऱ्या, वाङ्मय, उज्ज्वल, ज्ञानेश्वरी, स्वातंत्र्य, कीर्ती, सर्वांचं, दृष्टी, ॲप. ‘कुऱ्हाड’ दोन्ही प्रकारे टाइप केलेली आहे. ‘सर्वांचं’ वरची कात्री पकडतं, ‘दृष्टी’ खालची. ‘वाङ्मय’ आणि ‘उज्ज्वल’ छाटलेला फॉन्ट उघडा पाडतात. ‘ॲप’मधला ॲ ०९७२ वर आहे, तो युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. जुन्या फॉन्टमध्ये तो नसतो आणि त्या एका अक्षरापुरता दुसराच फॉन्ट डोकावतो. सगळं स्थिर असताना एक स्क्रीनशॉट आणि क्लिप अर्ध्यावर थांबवून दुसरा, असे दोन काढून आधीच्या जोडीशी ताडून पाहतो.